श्वास सोडायला वेळ

दादांनी दुपारच्या जेवणाचा डबा उघडला होता आणि पहिला घास हातातच होता, तेवढ्यात खालून फोन आला. दम्याचा पेशंट वर येतोय, बाई आहेत, चाळिशीच्या, बोलता येत नाहीये. दादांनी घास खाली ठेवला आणि डबा झाकला. अतिदक्षता विभागात केस पांढरे झालेल्या माणसाला एवढ्या वाक्यात सगळं कळतं. फक्त एक गोष्ट त्या वाक्यात नव्हती, ती स्ट्रेचर आत आल्यावर कळली. स्ट्रेचरवर त्यांची धाकटी बहीण होती.

घरात तिला टिटवी म्हणत. लहानपणापासून तोंडाला कुलूप नाही. दोघं बहीणभाऊ फोनवर बोलायला लागले की दादांची बायको म्हणायची, तुम्ही फोन बाजूला ठेवून अंघोळ करून आलात तरी तिला कळायचं नाही. ती टिटवी आता स्ट्रेचरवर ताठ बसली होती, दोन्ही हात मांड्यांवर रोवलेले, खांदे कानांपर्यंत चढलेले. गळ्याच्या शिरा दोरीसारख्या ताणल्या होत्या. मास्कच्या आत तोंड उघडं होतं. दादांना पाहून तिने बोलायचा प्रयत्न केला.

"दा," ती म्हणाली, आणि एक श्वास घेतला. "दा."

मागून मेहुणे धावत आले. ते उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचे, आणि कामावरूनच आले होते. हाताला काळं ग्रीस तसंच. त्यांनी एका दमात सांगून टाकलं की चार दिवस सर्दी होती, कालपासून ती सारखा पंप ओढत होती, सकाळी तर तो तिच्या हातातून सुटतच नव्हता. दादांना फोन करू का म्हणून त्यांनी दोनदा विचारलं होतं, तर ती नको म्हणाली. रोजचा दुसरा पंप, जो बरं वाटत असतानाही घ्यायचा असतो, तो तिने दोन महिने झाले बंद केला होता. दादांना कळलं तर ओरडतील म्हणून.

ओरडतील हे खरंच होतं. दादा परक्या पेशंटशी लोण्याहून मऊ बोलायचे आणि बहिणीच्या अंगावर खेकसायचे. 

या विभागाचा एक नियम होता, आणि तो दादांनीच केला होता. आपल्या माणसावर इथे आपण उपचार करायचे नाहीत. डोळ्यांवर माया चढली की आकडे धूसर दिसतात, असं ते नव्या डॉक्टरांना सांगत. तेव्हा त्यांनी धाकट्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. बाई त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या, चार वर्षं झाली इथे होत्या. आवाज इतका बारीक की सिस्टर मंडळी त्यांना मागे हळूबाई म्हणत. सिस्टरांचं म्हणणं, बाईंना आग लागल्याचं ओरडायला सांगितलं तर त्या आधी माफ करा म्हणतील. पण हात पक्का होता.

"ही माझी बहीण," दादा म्हणाले. "पेशंट तुमची. मी नुसता उभा राहतो."

आणि ते पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले. चूक झाली ती इथे, पण ती कुणाच्याच लक्षात आली नाही.

हळूबाईंनी कामाला सुरुवात केली. वाफेचं औषध एकामागून एक, मध्ये खंड न पडू देता. शिरेतून स्टेरॉइड. त्याचा गुण यायला काही तास जातात, पण म्हणूनच ते आधी द्यायचं असतं. मग मॅग्नेशियमची सलाईन, श्वासनळ्यांभोवतीचे आवळलेले स्नायू थोडे ढिले पडावेत म्हणून. प्रत्येक गोष्ट पुस्तकात असते तशी, किंबहुना पुस्तकाहून नीटस. पाठीला स्टेथोस्कोप लावला की आत शिट्ट्या वाजत होत्या, दहा प्रेशर कुकर एकदम शिट्टीला आल्यासारख्या. दादांना त्या शिट्ट्या पायथ्याशी उभं राहूनही ऐकू येत होत्या आणि त्या त्यांना बऱ्या वाटत होत्या. शिट्टी वाजते म्हणजे हवा हलते आहे.

दम्यात लोकांना वाटतं की हवा आत जात नाही. खरी अडचण उलटी असते. हवा कशीबशी आत जाते, पण बाहेर पडत नाही. आकसलेल्या नळ्यांतून ती सावकाश, कुरकुरत निघते, आणि ती पुरती निघायच्या आत माणूस घाबरून पुढचा श्वास घेतो. असं करत छाती फुगतच जाते. शेवटी भरल्या घागरीत आणखी ओतायला जागा उरत नाही, आणि आतला माणूस मात्र तहानलेलाच.

अर्ध्या तासाने हळूबाईंनी सिस्टरला हळूच सांगितलं की घशातून श्वासासाठी नळी घालायचं सामान जवळ आणून ठेवा. हळूच म्हणजे इतरांना ऐकू येणार नाही इतकं. पण टिटवीने ऐकलं. भावाच्या घरात येता-जाता तिने तो शब्द पुष्कळदा ऐकला होता. तिने मान वर केली, दादांच्या डोळ्यांत पाहिलं आणि पुढे वाकून त्यांच्या बाहीचं टोक मुठीत धरलं.

"नको," ती म्हणाली. मग श्वास. "ना."

"नाही गं," दादा म्हणाले. "नळी नाही घालायची. तू फक्त सावकाश सोड."

ते काही नुसतं बहिणीचं मन राखायला म्हणाले नव्हते. दम्याच्या माणसाला नळी घालणं हे इतर आजारांत घालण्यासारखं नाही, हे त्यांनी दरवर्षी नव्या डॉक्टरांना फळ्यावर काढून दाखवलं होतं. नळीने आधीच चिडलेल्या श्वासनळ्या आणखी चिडतात. मशीन हवा आत ढकलतं, पण ती बाहेर काढून देणं त्याच्या हातात नसतं. छाती फुगून हृदयावर दाब आला की रक्तदाब बघता बघता कोसळतो. तेव्हा थांबता येईल तितकं थांबा, हे त्यांचं पालुपद होतं. पण त्या पालुपदाला एक पुढची ओळही होती, ती आज त्यांना आठवत नव्हती. थांबायचं, पण पेशंट थांबायच्या आधी थांबणं संपवायचं.

नंतर हळूहळू शिट्ट्या कमी झाल्या. श्वासाचा वेगही उतरला. टिटवीचे खांदे खाली आले, बाहीवरची मूठ सैल पडली, डोळे मिटायला लागले.

दारात उभ्या मेहुण्यांनी सुस्कारा टाकला. म्हणाले, झोप लागली वाटतं एकदाची, रात्रभर बसून होती बिचारी. सिस्टरने त्यांना खुर्ची देऊ केली. खोलीत कुणाला तरी बरं वाटलं की ते लगेच सगळ्यांना वाटायला लागतं, तसं झालं. रक्तातल्या वायूंचा रिपोर्ट आला आणि कार्बन डायऑक्साइडचा आकडा अगदी मधोमध होता. निरोगी माणसाचा असावा तसा.

हळूबाईंनी तो कागद वाचला. मग त्यांनी मान वर केली आणि दादांच्या तोंडाकडे पाहिलं.

"सर," त्या म्हणाल्या, "अजून थोडं थांबूया का?"

दादा हो म्हणाले.

हो म्हणून झाल्यावर त्यांच्या मनात काहीतरी टोचलं. बाईंचा आवाज प्रश्नाचा होता, पण डोळे प्रश्नाचे नव्हते. त्यांना उत्तर माहीत होतं. दम्याने धापा टाकणाऱ्या माणसाचा तो आकडा कमी असायला हवा, कारण तो जोरजोरात हवा फेकत असतो. आकडा मधोमध येतो तेव्हा माणूस बरा होत नसतो, थकत असतो. शिट्ट्या थांबल्या त्या नळ्या उघडल्या म्हणून नव्हे. वाजायला हवाच उरली नव्हती. आणि जिच्या तोंडाला कुलूप नाही ती टिटवी गप्प झोपली होती. हे सगळं फळ्यावर लिहून मुलांना पाठ करायला लावणारा माणूस पायथ्याशी उभा राहून हो म्हणाला होता, आणि तेही बहिणीला दिलेल्या शब्दाखातर. हळूबाई चुकत नव्हत्या. त्या पेशंटकडे बघायच्या ऐवजी सरांकडे बघत होत्या, इतकंच. सिस्टरही सरांकडे बघत होती. मेहुणेही. पलंगावर मरणाला टेकलेली एक बाई होती आणि खोलीतले सगळे डोळे पायथ्याशी लागले होते.

नियम त्यांनी मोडला नव्हता, तसं म्हटलं तर. हात लावला नव्हता. पण नुसतं उभं राहूनही माणूस केवढी जागा अडवतो.

दादांनी बाही सोडवून घेतली. बोटं आपसूक सुटली, त्यात जोरच नव्हता.

"माझं हो धरू नका," ते म्हणाले. "मी बाहेर जातो. आता इथे सर कुणी नाही. तुम्हाला दिसतंय ते करा."

 हळूबाईंनी पेशंटच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवला, डावीकडे, उजवीकडे, आणि तो काढायच्या आत म्हणाल्या, नळी. या वेळी आवाज बारीक नव्हता.

दादा मेहुण्यांचा दंड धरून बाहेर आले. खोलीला बाहेरच्या बाजूने मोठी काच होती. इथे नातेवाईक उभे राहतात हे दादांना माहीत होतं, पण इथून आत कसं दिसतं हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आवाज येत नाही. माणसांच्या पाठी दिसतात. पेशंटचा चेहरा दिसत नाही, पाय तेवढे दिसतात.

मेहुणे विचारत होते की झोपली होती ती, मग आता काय झालं? दादांनी सांगितलं, ती झोप नव्हती.  इतक्या वर्षांत नातेवाईकांना सांगायची वाक्यं त्यांनी घासूनपुसून ठेवली होती, त्यातलं एकही तोंडापर्यंत आलं नाही.

आत हळूबाईंनी आधी सलाईन जोरात सोडली, रक्तदाब पडलाच तर हाताशी असावी म्हणून. मग भुलीचं असं औषध दिलं की ज्याने झोप लागते आणि श्वासनळ्याही थोड्या सैलावतात. दादा मनात म्हणाले, बरोबर. त्या वाकल्या. पाठ हलली नाही. दादांनी स्वतःचा श्वास धरला. तो सोडायच्या आधीच नळी आत गेली होती. बरोबर, ते पुन्हा मनात म्हणाले.

नळीला रबरी बॅग जोडली. ब्रदरने, म्हणजे ड्यूटीवरच्या पुरुष नर्सने, ती दाबायला सुरुवात केली. ऑक्सिजनचा आकडा घसरलेला होता आणि ब्रदर होता मनापासून काम करणारा. तो भराभर दाबू लागला.

हळू, दादा म्हणाले. काचेपलीकडे ऐकू गेलं नाही.

बुडत्याला हवा द्यावी असं कुणाच्याही हाताला वाटतंच. पण प्रत्येक दाबासरशी छातीत हवा जात होती, आणि बाहेर यायला तिला अवधी नव्हता. आधीच भरलेली घागर. मॉनिटरवरची रक्तदाबाची रेघ दादांना इथून दिसत होती. ती उतरली. मग आणखी उतरली. रेघेच्या लाटा बसक्या होत होत्या.

दादांचा हात वर गेला. वळलेली मूठ काचेपासून वीतभर अंतरावर थांबली.

ठोठावलं तर हळूबाई वळतील. वळल्या की पुन्हा त्यांच्या तोंडाकडे बघतील, आणि ज्या खोलीतून ते बाहेर पडले होते तिच्यात ते पुन्हा शिरतील. ठोठावलं नाही आणि त्यांच्या लक्षात आलं नाही तर बहीण जाईल, आणि भाऊ काचेबाहेर हात वर करून उभा होता हे मेहुणे जन्मभर सांगतील. एक दाब, दादांनी ठरवलं. आणखी एक दाब बघतो. ब्रदरने तो दाबला. आणखी एक. हे आपण शहाणपणाने थांबतोय की भित्रेपणाने, हे त्यांना स्वतःला सांगता येईना.

तेवढ्यात हळूबाईंनी मॉनिटरकडे पाहिलं. मग ब्रदरच्या हाताकडे. आणि पुढे होऊन त्यांनी बॅग नळीपासून सरळ काढून टाकली.

"काढली," मेहुणे म्हणाले. "दादा, काढली त्यांनी. हवा बंद केली."

ते दाराकडे धावले. दादांनी मागून त्यांना कमरेत धरलं. मेहुणे अंगापिंडाने दादांच्या दीडपट होते, लोखंडाशी झटापट करणारे हात. दोघं दारापाशी अडकले.

"सोडा मला. मारताहेत ते तिला."

"ऐका माझं," दादा म्हणाले. "लिफ्टमध्ये माणसं चढतायत, चढतायत, आणि उतरत कुणीच नाही. तर तुम्ही काय करता?"

मेहुण्यांनी त्यांच्याकडे वेड्याकडे बघावं तसं पाहिलं. पण धंद्याचा प्रश्न होता, उत्तर तोंडून आपोआप आलं.

"आधी चढणं थांबवतो. दार उघडं ठेवतो."

"तेच चाललंय. बाईंनी दार उघडं ठेवलंय."

आत हळूबाईंनी दोन्ही तळवे टिटवीच्या फासळ्यांवर दोन बाजूंनी ठेवले होते आणि त्या सावकाश दाबत होत्या. पीठ मळणाऱ्या हातांचा दाब नव्हे तो. ओली चादर पिळून झाल्यावर हलक्या हाताने निथळत धरतात, तसा. उघड्या नळीतून हवा बाहेर येत असणार. ती किती वेळ येत होती कोण जाणे. काचेबाहेर वेळ वेगळा चालतो. ब्रदर रिकामी बॅग छातीशी धरून उभा होता, हातातलं काम कुणी काढून घेतल्यावर माणूस होतो तसा कावराबावरा.

रेघ वर आली नाही.

आता दुसरी भीती, दादांना वाटलं. फुप्फुस फाटलं असेल आणि हवा छातीच्या पोकळीत साठली असेल, तर असं दाबून ती निघणार नाही. मग सुई घालावी लागेल. हळूबाईंनी मान वाकवून दोन्ही बाजूंना पुन्हा ऐकलं. सोनोग्राफीचं छोटं यंत्र ओढलं, एका बाजूला फिरवलं, दुसऱ्या बाजूला फिरवलं. मान नकारार्थी हलवली. सलाईनची आणखी एक पिशवी दाबायला सांगितली. पुन्हा तळवे ठेवले. काचेकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

मेहुण्यांनी आता झटापट सोडली होती. ते काचेला कपाळ टेकवून उभे होते आणि त्यांच्या ग्रीसच्या हाताचे डाग दादांच्या पांढऱ्या कोटावर उठले होते.

मग रेघेतली एक लाट जरा उंच दिसली. दादांचा विश्वास बसला नाही. दुसरी तेवढीच. तिसरी त्याहून थोडी वर. भिंतीला हात लावून अंधारात जिना चढावा तशी ती रेघ चढत गेली, आणि एका जागी येऊन टिकली.

मशीन जोडलं गेलं. हळूबाई त्याची बटणं लावत होत्या तेव्हा दादांनी डोळे बारीक करून आकडे वाचले. मिनिटाला अगदी मोजके श्वास, छोटे छोटे, आणि प्रत्येक श्वास सोडायला भरपूर वेळ. कार्बन डायऑक्साइड वाढेल, वाढू दे. बघणाऱ्याला वाटावं की मशीन मध्येच झोपी जातंय. मेहुण्यांनाही तसंच वाटलं. त्यांनी विचारलं की हे मशीन बिघडलंय का, मध्ये एवढं थांबतं कशाला.

"थांबतंय तेच औषध," दादा म्हणाले, आणि खाली बाकावर बसले. 

थोड्या वेळाने हळूबाई बाहेर आल्या. कपाळावर टोपीचा वळ उठला होता. त्या दादांसमोर उभ्या राहिल्या आणि जरा घुटमळल्या, या माणसाशी कुठल्या भाषेत बोलावं असं वाटून. मग त्यांनी ठरवलं आणि नातेवाइकांशी बोलतात तसं बोलायला सुरुवात केली. तब्येत गंभीर आहे. आत्ता रक्तदाब स्थिर आहे. पुढचे एकदोन दिवस मशीनवर ठेवावं लागेल. आम्ही सगळे प्रयत्न करतोय. ही दादांचीच वाक्यं होती, त्यांनीच त्यांना शिकवलेली, त्याच क्रमाने. इतकी वर्षं ती सांगताना त्यांना वाटायचं की यात काही अर्थ नाही, नुसती वेळ मारून नेणं. आज त्यातला प्रत्येक शब्द त्यांनी भुकेल्यासारखा ऐकून घेतला आणि पुन्हा एकदा सांगा म्हणाले. बाईंनी पुन्हा सांगितलं.

ब्रदरच्या हाताबद्दल दादा काही बोलले नाहीत. बाईच म्हणाल्या की बॅगकडे मी उशिरा बघितलं, सर, नळी जागेवर आहे ना तेच बघत राहिले. दादांनाही सांगायचं होतं की माझा हात काचेपर्यंत आला होता. ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर शाबासकीसारखं वाटलं असतं, की टोमण्यासारखं, हे त्यांचं ठरेना.

दोन दिवस ते भेटीच्या वेळेला आले आणि भेटीची वेळ संपल्यावर गेले. बाकीचे पेशंट त्यांनी दुसऱ्या बाजूने पाहिले. त्या खोलीच्या दारावरून जाताना मान वळवायची नाही असं त्यांनी ठरवलं होतं. ते जमलं नाही, पण आत गेले नाहीत.

नळी काढायच्या दिवशी सकाळी शिट्ट्या पुन्हा वाजत होत्या, बारीक, ओल्या. हवा ये-जा करत होती. सर, तुम्ही काढता का, असं बाईंनी विचारलं. दादांनी नकारार्थी मान हलवली आणि ते पलंगाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसले, जिथे भाऊ बसतो. नळी निघाली. टिटवी खोकली, कण्हली, तिने तोंड वाकडं केलं. तिच्या घशातून पहिला आवाज आला तो खरखरीत, दारावर वाळू घासावी तसा.

ती पाणी मागत होती. मग नवरा कुठे आहे विचारलं. तो मागेच होता, रडत होता आणि नाक ओढत होता. मग तिने दादांकडे पाहिलं.

"नळी घातलीच ना?"

"घातली."

"तू घातलीस?"

"नाही. या बाईंनी."

"आणि तू?"

"मी बाहेर होतो."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. एवढा मोठा डॉक्टर भाऊ, आणि नेमक्या वेळेला बाहेर. ते तिच्या चेहऱ्यावर सरळ वाचता येत होतं. दादांना पुष्कळ सांगता आलं असतं. बाईंचे डोळे, तो मधोमध आलेला आकडा, आपण दिलेला शब्द. पण त्यातलं काहीही सांगितलं तरी ते सारवासारव केल्यासारखं झालं असतं.

"बाहेर का?" तिने विचारलं.

"मी आत असतो तर उशीर झाला असता."

तिला ते कळलं की नाही, कोण जाणे. तिने डोळे मिटले. हात मात्र पांघरुणाबाहेर काढून गादीवर उताणा ठेवला, आणि दादांनी त्यावर आपला ठेवला. हळूबाईंनी मेहुण्यांना सांगितलं की आता पेशंटला विश्रांती लागेल, एकानेच थांबावं, दोघांनी नको. दादा उठायला लागले, तेव्हा टिटवीने डोळे न उघडताच त्यांचं बोट धरलं. मग मेहुणेच बाहेर गेले, आणि काचेतून आत बघत उभे राहिले.